कोल्ह्याला स्पीकर लावून बोलावलेला फोटो छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली (म्हणजे आपल्याकडे जेवढी पडते तेवढी) की आपल्या पेपरात वाचकांनी काढलेले फोटो यायला लागतात, ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो, उरणकडची बदकं, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातलं घुबड, आणि आता अधूनमधून खाडीकाठचा कोल्हा पण असतो. कोल्ह्याचा फोटो बघून आधी मस्त वाटायचं, टॉवरच्या मागच्या तिवरांत अजून कोल्हा टिकून आहे ही काय साधी गोष्ट नाही. पण हल्ली असा फोटो बघितला की डोक्यात पहिला प्रश्न येतो, हा आपणहून आला की ह्याला बोलावून आणला? त्याबद्दलच लिहितोय. पत्र लांबलंय, हवं तिथे कापा, फक्त शेवटची विनंती तेवढी ठेवा.

तर काय चाललंय सांगतो. काही हौशी लोकं ब्लूटूथ स्पीकर घेऊन खाडीवर आणि येऊरच्या बाजूला जातात, यूट्यूबवरून उतरवलेला सशाच्या किंचाळण्याचा आवाज लावतात नाहीतर कोल्हेकुई लावतात, स्पीकर झुडपात ठेवतात आणि कॅमेरा रोखून बसतात. ह्याला ते 'कॉलिंग' म्हणतात. घुबडांसाठी हे बरीच वर्षं चालू आहे, पिंगळ्याचा आवाज लावला की पिंगळा समोरच्या फांदीवर येऊन बसतो हे पक्षीवाल्यांना सगळ्यांना माहितीय, आणि शहाणे पक्षीवाले ते करत नाहीत किंवा निदान कबूल तरी करत नाहीत. कोल्ह्या-बिबट्यासाठी स्पीकर हे मात्र नवीन फॅड आहे आणि मला विचाराल तर ते सरळसरळ अमेरिकन शिकारीच्या व्हिडिओंतून आलंय, कारण ह्यांचे आवाजसुद्धा तिकडचेच असतात.

तिकडे ही रीतसर शिकार आहे. कायोटी (आपल्या कोल्ह्याचा जरा थोराड भाऊबंद समजा), खोकड, बॉबकॅट नावाचं आखूड शेपटीचं रानमांजर, ह्यांना हिवाळ्यात आवाज काढून बोलावतात आणि गोळी घालतात. हिवाळ्यातच का, तर तेव्हा अंगावरची लव दाट असते त्यामुळे कातड्याला भाव येतो, बर्फामुळे ससे-उंदीर मिळणं अवघड होतं म्हणून प्राणी भुकेलेला असतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कायोटीच्या जोड्या जमायचे दिवस असतात त्यामुळे परक्या कायोटीचा आवाज आला की हद्दीचा मालक तावातावाने बघायला बाहेर पडतो. आणि ह्या सगळ्यात स्पीकर ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, खरी विद्या आहे वाऱ्याची. कारण हा प्राणी कानावर विश्वास ठेवून नाकासमोर चालत येत नाही, तो लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला) जातो, आधी वास घेतो, मग ठरवतो. म्हणून तिकडचा शिकारी वारा तोंडावर नाहीतर आडवा घेऊन बसतो, स्पीकर स्वतःपासून लांब ठेवतो म्हणजे प्राण्याची नजर तिकडे राहील, पंधरा-वीस मिनिटांत कायोटी नाही आला तर उठून पुढची जागा धरतो, आणि एकदा आवाज लावलेल्या ठिकाणी लगेच परत जात नाही. फसून सुटलेला कायोटी शहाणा होतो, तोच आवाज पुन्हा ऐकला की उलट्या दिशेने पळतो, हे ती लोकं स्वतःच सांगतात.

मला ती शिकार पटते असं अजिबात नाही. पण तिथे मेंढरं-वासरं पाळणाऱ्यांची बाजू आहे, लायसन आहे, आणि नियम तिथेही हळूहळू आवळत चाललेत. बक्षीस लावून जास्तीत जास्त कायोटी मारायच्या ज्या स्पर्धा व्हायच्या त्या कॅलिफोर्नियाने 2014 ला बंद केल्या, नंतर व्हरमाँट, न्यू मेक्सिको, न्यूयॉर्क वगैरे राज्यांनी पण. आणि एक गंमत बघा, बदकांच्या शिकारीत रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला अख्ख्या अमेरिकेत बंदी आहे, तोंडाने फुंकायची शिट्टी चालते. बंदूक चालते पण स्पीकर नाही चालत, म्हणजे बघा त्यांनासुद्धा ते किती एकतर्फी वाटलं असेल! आपल्या पोरांनी तिकडून नेमका स्पीकर तेवढा उचलला आणि बाकी सगळं तिथेच ठेवलं.

मी संध्याकाळी कोपरखैरणे-घणसोलीच्या खाडीकाठी चालायला जातो, तिथे बघितलेलं सांगतो. दोन पोरं, पंचविशीतली, ट्रायपॉड, हातभर लेन्स, अंगावर मिलिटरीसारखे ठिपक्यांचे कपडे, स्पीकर तिवरांच्या तोंडाशी दगडावर. आवाज लावला. ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगतो, सशाचं ते किंचाळणं ऐकून कुणालाही तान्हं बाळ रडतंय असंच वाटेल. सगळ्यात आधी आली भटकी कुत्री, मग पलीकडच्या साईटवरचा वॉचमन टॉर्च घेऊन धावत आला, "किसका बच्चा रो रहा है इधर?" त्याला समजावून परत पाठवला आणि आवाज पुन्हा चालू. कोल्हा आला, नाही असं नाही, पण पोरं तिवरांकडे तोंड करून स्क्रीनमध्ये डोळे घालून बसलेली आणि कोल्हा त्यांच्या पाठीमागे, बांधावर, रस्त्याच्या अंगाला उभा. अंगाने किडकिडीत, शेपटीचं टोक काळं, चारी पायांवर चिखल सुकून राखाडी झालेला. एक पुढचा पाय उचललेला तसाच अधांतरी, नाक वर, कान स्पीकरकडे. मला दिसला, पोरांना नाही, आणि कुत्र्यांना दिसला. कुत्री सुटली, कोल्हा बांधावरून थेट रस्त्यावर उतरला, एका रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला, आणि कोल्हा पलीकडच्या नाल्याच्या मोरीत घुसला. पोरं चिडली ती कुत्र्यांवर, शॉट गेला म्हणून.

आता तो मागून का आला? संध्याकाळी आपल्याकडे खारे वारे, म्हणजे वारा खाडीकडून वस्तीकडे. वळसा घालून वास घ्यायचा तर कोल्ह्याला तिवरं सोडून वस्तीच्या बाजूलाच यावं लागणार, दुसरा मार्गच नाही. पहाटे उलटं, मतलई वारे, जमिनीकडून खाडीकडे, माणसाचा वास आधीच तिवरांत पोचलेला, त्यामुळे कोल्हा बहुतेक बाहेरच पडत नाही. म्हणून ही मंडळी संध्याकाळी जातात, सकाळी 'रिझल्ट' नसतो म्हणतात, का नसतो ते विचारलं तर लाईटचं कारण सांगतात. तर मुद्दा हा की ज्या वेळेला हे कॉलिंग लागू पडतं बरोबर त्याच वेळेला ते प्राण्याला गाड्या आणि कुत्र्यांच्या दिशेने ओढत असतं. अमेरिकेतल्या माळरानावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला अजून माळरानच असतं, इथे पाम बीच रोड असतो नाहीतर सोसायटीची भिंत.

कुत्र्यांचं हसण्यावारी नेऊ नका. कोल्हा आणि कुत्रा एकमेकांचे रोग घेतात देतात, रेबीज आणि डिस्टेंपर दोन्ही. 2024 च्या ऑक्टोबरात चेंबूरकडे कोल्ह्यांत रेबीज सापडला होता तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवर घबराट होती, आणि त्या कोल्ह्यांना काठीने मारायला लोक निघतील की काय अशी भीती वाटत होती. अशात आपण स्पीकर लावून कुत्री आणि कोल्हा दोघांना एकाच जागी जमवायचं, आणि वर कॅप्शन टाकायचं 'अर्बन वाइल्डलाईफ'.

शिवाय तो 'हिवाळ्यात भुकेला असतो' वाला हिशोब इथे लागूच नाही. आपल्या खाडीतल्या कोल्ह्याला बर्फ नाही काही नाही, तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या, मासे, उंदीर-घुशी बारा महिने, वर आपण टाकलेला कचरा. सशाचा तो आवाज अमेरिकेतल्या कॉटनटेल सशाचा, आमच्या कोल्ह्याने तो ससा जन्मात बघितलेला नाही, तरी येतो, कारण मरणारं जनावर कुठल्याही जातीचं असो, ओरड कळते. येतो, काही मिळत नाही, जातो, दुसऱ्या दिवशी दुसरा ग्रुप. दाराची बेल वाजवून पळून जाणाऱ्या पोरांसारखं आहे हे, फरक इतकाच की इथे दार उघडणाऱ्याच्या जीवावर बेततं. आणि कोल्हेकुई लावणं तर त्याहून वाईट. थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चकडे कोल्ह्यांच्या जोड्या जमतात, तेव्हा हद्दीत परका आलाय असं रोज संध्याकाळी ऐकवलं तर ती जोडी ती जागा धरणार कशी? तिवरांची पट्टी आहे केवढीशी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला आपण, सरकून जायचं तर कुठे जायचं त्यांनी.

येऊरची गोष्ट तर वेगळ्याच पातळीवर जाते कारण तिथे बिबट्या आहे. संजय गांधी नॅशनल पार्क सगळं मिळून 104 चौरस किलोमीटर, तिथे आणि आजूबाजूच्या भागात मिळून 2015 च्या कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) अभ्यासात 35 बिबटे मोजले गेले होते, आणि त्यांच्या खाण्यात आपली भटकी कुत्री बऱ्यापैकी असतात हे पण त्याच अभ्यासात आलं. म्हणजे बिबट्या वस्तीच्या कडेला येतोच, त्याला बोलवायची गरजच नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्यात मॉलच्या पार्किंगमध्ये शिरला होता, आठवत असेल, अख्खं शहर मोबाईलवर तो सीसीटीव्ही बघत होतं. असं असताना येऊरच्या पाड्यांजवळ अंधारात लहान मूल रडल्यासारखा आवाज वाजवायचा म्हणजे कमाल आहे. एकतर खरंच कुणाचं मूल बाहेर राहिलंय म्हणून पाड्यातलं माणूस कंदील-टॉर्च घेऊन बाहेर पडणार, आणि त्याच आवाजावर बिबट्याही येणार, दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण गाडीच्या काचा वर करून बसायचं. आणि दुसरं म्हणजे त्या आवाजाच्या दिशेला माणसं असतात, गाडी असते आणि काही वाईट होत नाही हे बिबट्याला शिकवायचं. जून 2004 मध्ये पार्कच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय सांगायला नको. त्यानंतर पिंजरे लावून इकडचे बिबटे तिकडे सोडणं कमी झालं, लोकांशी बोलणं वाढलं, संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नका, कचरा टाकू नका, ते सगळं हळूहळू जमत गेलं. पाड्यातली माणसं वाघबारसेला वाघोबाला नारळ ठेवून त्याच्याशी जमवून राहतात, आपल्याला एक रील सुटत नाही.

ह्यावर एकाने मला जिम कॉर्बेटचं उदाहरण दिलं. खरं आहे, नोव्हेंबर 1938 मध्ये ठाकच्या नरभक्षक वाघिणीला कॉर्बेटने स्वतः वाघाचा आवाज काढून बोलावलं आणि मारलं. पण अहो, माणसं खाणारी वाघीण, बाकी सगळे उपाय थकलेले, हातात रायफल, आणि आयुष्य जंगलात काढलेला माणूस. त्यात आणि शनिवारी पोखरण रोडवर वडापाव खाऊन येऊरला जाणाऱ्या आपल्यात काहीतरी फरक असेल की नाही?

कायद्याचं बोलायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, फास लावणं, हाकारा करून हुसकावणं, आमिष दाखवणं आणि ह्यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं हे सगळं त्या व्याख्येत बसतं. आवाज हे आमिष आहे की नाही यावर वकील लोक तासभर वाद घालतील, घालू देत. पण त्याच कायद्यात अभयारण्यात वन्यप्राण्याला डिवचायला, त्रास द्यायला स्वच्छ मनाई आहे, त्यात वाद घालायला काही नाही, आणि आपली खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) पण गेली. अडचण अशी होते की तिवरांचा कुठला तुकडा अभयारण्यात आणि कुठला बाहेर, कुठला कुणाच्या ताब्यात, हे काठावर उभं राहून कुणालाच कळत नाही, हटकायला गेलं तर समोरचा सांगतो ही तुमची हद्द नाही. येऊरच्या गेटवर दारूच्या बाटल्या तपासतात, चांगलंच आहे, पण पाठीवरच्या बॅगेतला स्पीकर कोण तपासतो? आणि तपासला तरी तो गाणी ऐकायलाच आणलाय असंच सांगणार. (गाण्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, येऊरच्या पार्ट्या आणि डीजेवर आपण अनेकदा छापलंय म्हणून इथे ते काढत नाही.)

एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतोच. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तितर फाशात धरायचे ही फासेपारध्यांची पिढ्यानपिढ्यांची विद्या. इंग्रजांनी 1871 चा कायदा करून अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय केली, आणि आजही एखादा पारधी पिंजरा घेऊन दिसला तर लगेच पोलीस. तो पोटासाठी जे करायचा तेच आपण लाईकसाठी करतो, आणि आपल्याला 'वाइल्डलाईफ फोटोग्राफर' म्हणतात, प्रमाणपत्र आणि शाल मिळते. तितर धरायला परवानगी द्या असं माझं म्हणणं नाही, पण बोलावून आणणं हा गुन्हा असेल तर लेन्सवाल्याला पण लागू करा ना.

आवाज लावणं शंभर टक्के वाईट आहे असंही मी म्हणत नाही, कारण अभ्यासासाठी ते वापरतात. रानपिंगळ्याचंच घ्या, 113 वर्षं कुणाला पत्ता नव्हता, 1997 ला नंदुरबारकडे पुन्हा सापडला, आणि 2014 ला आपल्या ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात दिसला तेव्हा पक्षीवाल्यांत दिवाळी होती. असे पक्षी शोधायला अभ्यासक रेकॉर्ड केलेला आवाज लावतात, पण परवानगी घेऊन, ठरवून दिलेली काही सेकंदं-मिनिटं, उत्तर आलं की बंद, नोंद करून पुढे. हौशी माणूस पक्षी समोर येऊन बसला तरी बंद करत नाही कारण अजून डोळ्यात कॅचलाईट (उजेडाचा चमकता ठिपका) आलेला नसतो.

वनखात्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. येऊरच्या गेटवर आणि ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्राजवळ जे बोर्ड आहेत, प्लास्टिक नको, खायला घालू नका, त्यात स्पीकरचा आणि आवाज लावण्याचा एक ठळक मराठी ओळीत उल्लेख करा, म्हणजे हटकणाऱ्या गार्डला आणि आमच्यासारख्याला बोट दाखवायला काहीतरी राहील. आणि वाचकांनी कुणाशी तिथे भांडत बसू नये, ही पोरं व्हिडिओ काढून उलटं आपल्यालाच व्हायरल करतात. वनखात्याची 1926 ही हेल्पलाईन आहे, फुकट लागते, जागा आणि वेळ नीट सांगायची. गाडी असेल तर नंबर पण द्यायचा.

आता ती विनंती, आणि ती आपल्याला आहे. आपल्या पेपरात फोटो छापून येणं ही ह्या लोकांसाठी अजूनही मोठी गोष्ट आहे, कितीही फॉलोअर्स असले तरी कात्रण फ्रेम करून ठेवतात. तेव्हा वाचकांचे फोटो मागवताना नियमात दोन प्रश्न टाका, हा प्राणी बोलावण्यासाठी आवाज किंवा खाणं वापरलं का, आणि फोटो नक्की किती वाजता काढला. उत्तर न देणाऱ्याचा छापू नका. खोटं बोलतील, मान्य, पण ग्रुपवर त्याच संध्याकाळचे दुसऱ्याने टाकलेले व्हिडिओ असतात, मागे स्पीकर वाजताना स्वच्छ ऐकू येतो, एकदा एखाद्याचा छापलेला फोटो मागे घेतलात की बाकीचे आपोआप विचार करतील. घरट्यावरच्या पक्ष्यांचे फोटो घेत नाही असं बऱ्याच स्पर्धांनी आता ठरवलंय, तेव्हा हेही जमण्यासारखं आहे. ह्या थंडीपासूनच सुरू करा, कारण कोल्ह्यांच्या जोड्या जमायच्या दिवसांत ही गर्दी अजून वाढणार आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई